नाव काय ठेवताय ते कळवा

माझी मुलगी बेचाळीस दिवसांची झाली तरी तिला नाव नव्हतं. लस टोचायला नेली तेव्हा नर्सबाईंनी कार्ड उघडलं, नावाच्या जागी ‘बाळ’ असं वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"अजून बाळच का?"

"घरात चार मोठी माणसं आहेत ना, म्हणून," मी म्हटलं.

त्यांना कळलं असावं. पुढे काही न विचारता त्यांनी सुई टोचली, आणि पोरीने जो टाहो फोडला तो माझ्याही वतीने फोडला असं मी समजले.

चार माणसं म्हणजे मी, नवरा, सासूबाई आणि माझे चुलत सासरे, ज्यांना सगळी गल्ली काका म्हणते. घर दुकानाच्या मागे आहे, मध्ये एक पडदा. दुकान पाट्यांचं. दारावरच्या नावाच्या, दवाखान्याच्या, शाळेच्या, ‘येथे गाड्या लावू नयेत’च्या. हल्ली सगळं यंत्रावर छापून मिळतं, पण हाताने रंगवलेली पाटी हवी असणारी माणसं अजून शिल्लक आहेत आणि ती आमच्याकडे येतात. सासरे गेल्यापासून दुकान सासूबाई बघतात. त्यांच्या ब्रशची रेघ पट्टी न लावता सरळ येते. बोलणंही तसंच.

पाचवं माणूस माझे बाबा. ते इथून वीस मिनिटांवर राहतात आणि दोन वर्षं माझ्याशी बोललेले नाहीत.

कारण अगदी साधं आहे. माझ्या माहेरचा देव वेगळा, सासरचा वेगळा. आम्ही लग्न केलं तेव्हा सासूबाईंनी दोन दिवस भांडी आपटली आणि तिसऱ्या दिवशी मला चहात साखर किती लागते ते विचारलं. बाबांनी काहीच आपटलं नाही. ते घड्याळं दुरुस्त करतात, आवाज करणं त्यांच्या स्वभावातच नाही. ते नुसते गप्प झाले. आई असती तर तिने बोलतं केलं असतं, पण ती मी नववीत असतानाच गेली. त्यानंतर माझा डबा भरणं, तापात कपाळावर पट्ट्या ठेवणं, शाळेच्या मीटिंगला बायकांच्या घोळक्यात एकटं बसणं, सगळं बाबांनी केलं. म्हणून तर त्यांचं गप्प बसणं मला इतकं लागतं. दुसऱ्या कुणी बोलणं टाकलं असतं तर मी म्हटलं असतं, गेलास उडत.

मुलगी झाली तेव्हा दादा, म्हणजे माझा भाऊ, दवाखान्यात आला. पोरीला बघून त्याचे डोळे भरले, मग त्याने घसा खाकरून बाबांचा निरोप सांगितला.

"नाव काय ठेवताय ते कळवा म्हणाले. मग बघू म्हणाले."

"मग बघू म्हणजे?"

"म्हणजे नाव बरं असलं तर येतील बघायला. असं मला वाटतं."

"आणि बरं म्हणजे कसलं?"

"ते काही बोलले नाहीत गं. तुला माहीत आहेत ना बाबा."

माहीत होते. तरी मी तेवढ्या ‘मग बघू’ला धरून बसले. मला दुसरं काही नको होतं. बाबांनी एकदा येऊन माझी पोर हातात घ्यावी, एवढंच. आणि ते एका नावावर अडलं होतं. नाव सासरच्या देवाचं निघालं की संपलं. आमच्या देवाचं ठेवावं तर हे घर काय म्हणेल?

घरी आल्यावर मी सगळं सरळ सांगून टाकलं. सासूबाईंनी ऐकलं आणि हात झटकला.

"एवढंच ना? देवाचं नाव नकोच मुळी. ना त्यांच्या, ना आमच्या. गुणाचं नाव ठेवू. गुणाला कुठला आलाय धर्म?"

त्या क्षणी मला त्यांच्या पायाच पडावंसं वाटलं. पुढे काय वाढून ठेवलंय ते ठाऊक असतं तर तेव्हाच पोर उचलून खोलीत गेले असते आणि आतून कडी लावली असती.

आमच्या दुकानाची एक रीत आहे. कुठलीही पाटी रंगवायच्या आधी मजकूर भिंतीवरच्या काळ्या फळ्यावर खडूने लिहायचा. घरातल्या कुणालाही त्यात खोट दिसली तर त्याने कारण सांगून तो पुसायचा. सकाळी लिहिलेलं दुसऱ्या सकाळपर्यंत टिकलं, तरच ब्रश उचलायचा. दवाखान्याच्या वेळा आणि शाळांची नावं याच रीतीने आजवर बिनचूक लागली आहेत. सासूबाई म्हणाल्या, पोरीचं नावही तसंच ठरवू. मी हो म्हटलं. अक्कल गहाण ठेवणं म्हणतात ते हेच.

पहिलं नाव नवऱ्याने लिहिलं. श्रद्धा.

काकांनी चहाचा कप खालीही ठेवला नाही, तसेच उठले आणि पुसलं. "श्रद्धा म्हटलं की कुणावर, हा प्रश्न आलाच. म्हणजे पुन्हा तिथेच."

दुसऱ्या दिवशी शांती. ते सासूबाईंनी पुसलं. "शांती लाभो असं मेल्यावर म्हणतात. जन्मल्या जन्मल्या कशाला?"

मी दया लिहिलं. सासूबाई लगेच म्हणाल्या, "अगं, तुमच्या प्रार्थनेत दर दोन ओळींना दया येते. मी मुद्दाम ऐकून आले होते तुमचं लग्न झाल्यावर, माहिती असावी म्हणून." त्या माझ्या माहेरच्या प्रार्थनेला जाऊन बसल्या होत्या, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. पण दया गेली ती गेलीच.

करुणा लिहिलं तर काका म्हणाले, "हे मठातलं. मला डोकं भादरलेली पोर दिसायला लागते." कृपा लिहिलं तर म्हणाले, "कृपा देवाची. माणसाने केली की त्याला उपकार म्हणतात." नम्रता नवऱ्यानेच लिहिलं आणि स्वतःच पुसलं. "या घरात? लोक फसतील."

"काका, तुम्हाला एक तरी नाव पसंत आहे का?" मी शेवटी विचारलं.

"मला सगळीच पसंत आहेत," काका शांतपणे म्हणाले. "मी फक्त लोक काय म्हणतील ते आधी म्हणून ठेवतो."

"मग वक्तशीर ठेवा," नवरा वैतागून म्हणाला. "तो गुण कुठल्याच धर्मात नाही."

मी हसले नाही. माझ्या अंगावर पोर होती, तीन रात्रींची झोप बाकी होती आणि हसायला लागणारे स्नायू संपावर गेले होते. घरात एका माणसाला नाव ठेवता येत नव्हतं, नावं ठेवायला मात्र जो तो कंबर कसून पुढे. तोवर जो तो तिला वाटेल ते म्हणत होता. सासूबाई ठकी म्हणायच्या, नवरा साहेब, आणि काका ‘ती’.

एक नाव मी फळ्यावर न लिहिता परस्पर दादाला कळवलं. सत्या. म्हटलं, बाबांना खोटं चालत नाही, त्यांना आवडेल. तासाभराने दादाचा फोन आला. आवाजावरूनच कळलं.

"काय म्हणाले?"

"जाऊ दे ना."

"दादा, सांग."

"म्हणाले, खरं सांगून लग्न केलं असतं तर शोभलं असतं."

हे खरंच होतं, म्हणून जास्त झोंबलं. बाबांना मी लग्न झाल्यावर सांगितलं होतं. आधी सांगायला गेले होते, दोनदा गेले होते, दोन्ही वेळा ते डोळ्याला भिंग लावून कुणाचं तरी घड्याळ उघडून बसले होते आणि मी चहा करून देऊन परत आले. माझं स्वतःचं नावही गुणाचंच आहे, बाबांनीच हौसेने ठेवलेलं. कुठला गुण ते सांगत नाही. तो माझ्यात नाही असं त्यांचं मत आहे, आणि ते मला आणखी कुणाकडून ऐकायचं नाही.

लशीनंतरच्या आठवड्यात सासूबाईंनी फळ्यावर लिहिलं, मैत्री.

सगळे थांबले. काका दिवसभर त्या फळ्याभोवती घिरट्या घालत होते. दुपारी म्हणाले, "यात काहीतरी असणार." संध्याकाळी म्हणाले, "सापडत नाही." जेवताना म्हणाले, "मैत्री कुणाशीही करता येते, हीच काय ती खोट." सासूबाई म्हणाल्या, "ती खोट नव्हे, मुकाट्याने भात वाढून घ्या." सकाळी उठून बघते तर नाव जागच्या जागी. पुसलं नव्हतं कुणी.

मला जाग यायच्या आतच नवऱ्याने पाळण्यावर लावायची छोटी पाटी रंगवूनही टाकली होती आणि तिचा फोटो दादाला पाठवला होता. माझ्यासमोर पाटी धरून उभा राहिला, नाकाला निळा रंग लागलेला, चेहरा लग्नाच्या दिवशी होता तसा. इतकी सुंदर अक्षरं. मी म्हटलं, बाबा येणार. आज नाही तर उद्या येणार. खरंच तसं वाटलं मला.

मग काका दात घासत आले, पाटीकडे बघितलं आणि ब्रश तोंडातच राहिला.

"अरे गाढवा," ते फेसातूनच म्हणाले. "हे कुठलं वळण?"

नवऱ्याने पाटीकडे बघितलं. मीही बघितलं. निळी अक्षरं, सोनेरी कड, आणि प्रत्येक अक्षराच्या टोकाला ज्योतीसारखा शेंडा. यांच्या प्रार्थनाघराच्या सगळ्या पाट्या गेली साठ वर्षं याच घराने रंगवल्या आहेत, आणि त्या सगळ्या अशाच. निळ्या, सोनेरी, शेंड्यांच्या. हे वळण दुसऱ्या कुठल्याही पाटीला वापरायचं नाही असा घरातला नियम आहे. गावातलं शेंबडं पोरही लांबून बघून सांगेल की पाटी कुणाची. चांगलं काहीतरी मनापासून रंगवायला बसला आणि हात आपोआप तिकडे वळला. आम्ही दीड महिना नावातला धर्म काढत बसलो होतो आणि या शहाण्याने तो अक्षरात घातला.

"मी विचारच केला नाही," नवरा म्हणाला. "मला फक्त छान करायचं होतं."

त्याचा चेहरा बघून ओरडताही येईना. दहा मिनिटांत दादाचा फोन आला.

"बाबा म्हणाले, नाव वाचलं. अक्षरही वाचलं."

आयुष्यभर भिंगातून चाकांचे दाते मोजलेला माणूस तो. त्याच्या नजरेतून शेंडे सुटणार होते होय! नवऱ्याने घाईघाईने दुसरी पाटी केली, काळी, साधी, दवाखान्यासारखी. तिचाही फोटो गेला. त्यावर उत्तर आलं, "पहिली मनापासून होती."

झालं. सासूबाईंनी स्वतःच्या हाताने मैत्री पुसलं आणि दिवसभर कुणाशी बोलल्या नाहीत. मी मात्र बोलले. पाळण्यावर, पाटीवर, देवांवर, दोन्हीकडच्या, आणि घड्याळं दुरुस्त करणाऱ्या लोकांवर. नवरा पोरीला खांद्यावर टाकून दुकानाबाहेर फेऱ्या मारत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात कुणी नव्हतं. मी खडू घेतला आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, क्षमा.

मला माहीत होतं मी काय करतेय. हे नाव बाबांना कळलं की त्यांना सगळं कळेल. मला काही बोलावं लागणार नाही, पोरीचं नावच बोलेल. मी खडूचे हात झटकत वळले तर सासूबाई पडद्यापाशी उभ्या. त्यांनी वाचलं. ओलं फडकं उचललं आणि एका फटक्यात फळा पुसून काढला.

"कारण सांगून पुसायचं असतं," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "काय आहे यात? कुणाच्या प्रार्थनेत येतं हे? कुठल्या मठात?"

"सगळ्यांच्याच येतं. त्यासाठी नाही पुसलं."

"मग?"

"तुला माफी मागायची तर तू माग ना!" सासूबाई इतक्या जोरात म्हणाल्या की आत पोर दचकून रडायला लागली. "दीड महिन्याच्या पोरीच्या गळ्यात ही पाटी कशाला अडकवतेस? तिने कुणाचं काय घोडं मारलंय? शाळेत हजेरी घेतील तेव्हा क्षमा, नवरा हाक मारेल तेव्हा क्षमा, आणि तिला बिचारीला माहीतही नाही की आईचं कुठे काय चुकलं होतं!"

त्या आत गेल्या, पोरीला उचलून आल्या, आणि दुसऱ्या हाताने माझा फोन माझ्यापुढे धरला.

"व्याह्यांना लाव. दादामार्फत पुरे झालं."

दोन वर्षांत तो नंबर लावला नव्हता. तिसऱ्या घंटेला उचलला. मागे घड्याळांची टिकटिक, तीच, सगळी वेगवेगळ्या वेळेला.

"हॅलो."

"बाबा, मी."

"नाव ठरलं?" बाबांनी विचारलं.

आणि माझं डोकंच फिरलं. "नाही ठरलं! ठरणारही नाही! बाबा, मी तुम्हाला न सांगता लग्न केलं, ते चुकलं माझं. लग्न नाही चुकलं, न सांगणं चुकलं. हे मी तुम्हाला दोन वर्षांपूर्वी म्हणायला हवं होतं, आता म्हणतेय. आता तुम्ही मला एक सांगा. कुठलं नाव ठेवलं असतं तर तुम्ही आला असतात?"

मला वाटलं फोन ठेवला. पण टिकटिक चालू होती.

"कुठलंच नाही," बाबा म्हणाले.

"म्हणजे?"

"बरं नाव निघालं असतं तर यावं लागलं असतं. मग येऊन बोलायचं काय, ते मला सुचत नव्हतं."

"वीस मिनिटांचा रस्ता आहे, बाबा!"

"रस्ता माहीत आहे मला. दोनदा तुमच्या कोपऱ्यापर्यंत येऊन परत गेलो." मग म्हणाले, "गिऱ्हाईक आलंय. ठेवतो."

आणि खरंच ठेवला. मला हुंदका आवरेना, आणि फोन भिंतीवर फेकून मारावासा वाटत होता, दोन्ही एकाच वेळी. कोपऱ्यापर्यंत! त्या कोपऱ्यावरून आमचं दुकान दिसतं. सासूबाईंनी विचारलं, काय म्हणाले? मी म्हटलं, गिऱ्हाईक आलंय म्हणाले. "हात् तिच्या," सासूबाई म्हणाल्या, आणि पोरीला माझ्याकडे देऊन कामाला लागल्या.

पुढचे तीन दिवस फळा कोराच राहिला. काकांनाही पुसायला काही नसल्यामुळे करमत नव्हतं. मी दादाला फोन केला नाही, त्याचाही आला नाही. मी मनाशी ठरवून टाकलं की झालं तेवढं पुरे, आता आशा लावून बसायचं नाही. ठरवलं, आणि तरी दुकानाच्या पायरीवर कुणाचं पाऊल वाजलं की मान वळायचीच.

चौथ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला मी आत पोरीला पाजत बसले होते. पडद्यापलीकडे सासूबाई एकट्याच होत्या. कुणीतरी पायरी चढून आलं.

"या," सासूबाई म्हणाल्या. "काय करायचंय?"

"पाटी हवी होती. लहानशी. पाळण्यावर लावायची."

आवाज बाबांचा होता. सासूबाईंनी बाबांना कधीच बघितलं नव्हतं. त्यांचा आवाजही कधी ऐकला नव्हता.

"नाव काय घालायचं?" सासूबाईंनी विचारलं.

"माझ्या नातीसाठी आहे."

"अहो, नातीसाठीच असणार, तुम्ही थोडेच पाळण्यात झोपणार आहात. पण नाव?"

"तिच्या घरचे ठेवतील ते," बाबा म्हणाले. "कुठलंही. अक्षरही त्यांना आवडेल ते."

पलीकडे ब्रश डब्यात ठेवल्याचा आवाज झाला. सासूबाईंना कळलं होतं. आता त्या मला हाक मारतील, खुर्ची पुढे करतील, काहीतरी गोड बोलतील असं कुणालाही वाटलं असतं. पण त्या दीड महिना भरलेल्या होत्या.

"तिच्या घरच्यांचं मला सांगू नका," त्या म्हणाल्या. "तिच्या घरच्यांना सात जन्मांत जमायचं नाही. तुम्ही आजोबा ना? तुमचं काही मत असेल की नाही?"

"होतं," बाबा म्हणाले. "त्यातच दोन वर्षं गेली."

मी पदर सावरला, पडदा बाजूला केला आणि बाहेर आले. बाबा किती बारीक झाले होते. शर्टाच्या खिशाला भिंग अडकवलेलं होतं, दुकान उघडं टाकून तसेच निघाले असावेत. माझ्याकडे बघायचं त्यांनी टाळलं, पोरीकडे बघितलं. मी ती त्यांच्यापुढे धरली. त्यांनी दोन्ही हात पुढे केले, आणि मग मागे घेतले.

"हाताला घड्याळाचं तेल आहे," ते म्हणाले. "धुवायला पाणी कुठे आहे?"

सासूबाईंनी पडदा वर धरला आणि त्यांना आतला नळ दाखवला.